मागच्या दाराचा अधिकारी

फोंडाघाट,
६ जानेवारी २०२५

प्रिय बाय,

साष्टांग नमस्कार. घालताना डोक्यावरचं हेल्मेट घरंगळत पलंगाखाली गेलं, ते काढून आणलं आणि मगच पेन हातात घेतलं. तुझा भाऊ आता हेल्मेटशिवाय काही करत नाही.

फोन सोडून पत्र का, हे तुला सांगायला नको. तुमच्याकडे फोन लावला की सासूबाई "स्पीकरवर घाल गो" म्हणतात, आणि मग मी बहिणीशी बोलतोय की आरोंद्याच्या ग्रामसभेत, तेच कळत नाही. मेसेज करावा तर तुझा मोबाईल दिवसभर घरात कोणाच्याही हातात. त्यापेक्षा पोस्टमन बरा.

तर बातमी अशी की मी धनेशभाऊंच्या काजू कारखान्यात सुरक्षा अधिकारी झालो. हसून घे, मग पुढे वाच. विमा कंपनीने भाऊंना सांगितलं की आगीबिगीचं बघायला एक माणूस नेमा, नाहीतर विम्याचं विसरा. भाऊंनी गावात चौकशी केली. आगीशी दूरचं का होईना नातं असलेला आणि सध्या रिकामा असलेला असा मी एकटाच सापडलो. मुंबईत मी आग विझवायचे सिलिंडर विकायचो, हे त्यांना पुरलं. सिलिंडर विकणारा आणि आग विझवणारा यात किती अंतर असतं ते मी त्यांना सांगितलं नाही. वासरात लंगडी गाय शहाणी.

कारखाना तू पाहिलेला नाहीस म्हणून सांगतो. इथे काजूबी उकडतात, कापतात, भट्टीत सुकवतात, मग बायका गर सोलतात. सोलणीचं दालन लांबलचक आहे आणि त्याला दोन दारं. पुढचं दार बॉयलरच्या बाजूला, मागचं कलमांच्या बागेत. बॉयलरला जळण म्हणून काजूचीच टरफलं घालतात. ती तेलाने नुसती निथळत असतात. हातावर तेल लागलं तर कातडी जाते, आणि ठिणगी लागली तर सगळंच जाईल. हा ढीग पुढच्या भिंतीला टेकून छपरापर्यंत रचलेला असतो. बघून मी दोन पावलं मागे सरकलो. पण पहिल्याच दिवशी अधिकाऱ्याने घाबरलेलं बरं दिसत नाही, म्हणून मी मान डोलावली आणि "छान, छान" म्हणालो.

तुझी रिया प्रतवारीच्या टेबलावर बसते, सोलणीच्याच दालनात. भाऊ तिच्यावर खूश आहेत. स्वयंपाक मी करतो, त्यामुळे पोर बारीक दिसली तर घाबरू नकोस, तो आजार नाही.

काल पहिला सराव घेतला. मी शिट्टी मारायची आणि सगळ्यांनी शिस्तीत बाहेर यायचं. सराव अत्यंत यशस्वी झाला.

तुझा,
दीपू
(सुरक्षा अधिकारी)


आरोंदा,
१५ जानेवारी २०२५

दीपूस,

अनेक आशीर्वाद. हेल्मेटला वेगळे.

तुझं पत्र आणि रियाचं पत्र एकाच दिवशी आलं, हे तुझं नशीब नाही. ती लिहिते की मामाने शिट्टी मारली, सगळ्या बायका उठल्या आणि पुढच्या दारात जाऊन चपला शोधत बसल्या. सगळ्यांच्या चपला निळ्या पट्ट्याच्या, त्यामुळे कोणाची कुठली यावरून भांडण लागलं. आनंदीकाकी म्हणाली, "माझी नवी आसा, तुझी खरचाटलेली." आणि सुरक्षा अधिकारी कुठे होते? ते त्याच गर्दीत खाली बसून बुटाच्या नाड्या बांधत होते.

मी इतकी हसले की सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणता गो भाव तुझो?" मी म्हटलं, मोठा अधिकारी झालाय. ते ऐकून त्या दुपारीच शेजारी सांगायला गेल्या. संध्याकाळपर्यंत जेटीवरच्या कोळणींनासुद्धा माहीत झालं होतं. तेव्हा आता नीट वाग, माझी इज्जत तुझ्या हेल्मेटाखाली आहे.

चेष्टा पुरे. रियाने आणखी एक ओळ लिहिली आहे आणि ती वाचल्यापासून मला चैन नाही. ती म्हणते, मागच्या दाराला बाहेरून कुलूप असतं. का रे? ढीग पुढच्या दाराशी आहे, हे तूच लिहितोस. मग पुढे पेटलं तर माझी मुलगी कुठून बाहेर पडणार? मी काही सिलिंडर विकलेले नाहीत, पण एवढं मलाही कळतं.

रियाला मी तुझ्या भरवशावर पाठवली आहे. तिच्या बाबांचा विरोध होता, सासूबाईंचा होता, मी सगळ्यांशी भांडले. ते कुलूप काढून घे. नाही जमलं तर पोरीला सरळ गाडीत बसवून दे. मी कारण विचारणार नाही.

तुझी,
बाय


फोंडाघाट,
२३ जानेवारी २०२५

प्रिय बाय,

घरचा भेदी लंका दहन. रियाला आता डाळीत मीठ कमी.

चपलांचं खरं आहे. नाकारून उपयोग नाही, साक्षीदार खूप आहेत. पण त्या नाड्या बांधताना माझ्या डोक्यात उजेड पडला. गर खायची वस्तू, म्हणून बायका चपला दाराबाहेर काढून आत जातात, आणि चपला पुढच्या दाराशी. माणूस घाबरला की दाराकडे पळत नाही गो, चपलांकडे पळतो. मुंबईत मी लोकांना बाणाच्या हिरव्या पाट्या विकल्या. इथे त्यांचा उपयोग शून्य. इथे चपला हीच पाटी. म्हणून मी चपलांचं फडताळ उचलून मागच्या दाराशी नेऊन ठेवलं. आता सकाळी बायका वळसा घालून बागेतून येतात, मला चार शिव्या देतात आणि आत जातात. पुन्हा सराव घेतला तेव्हा सगळ्या न सांगता मागे वळल्या. मीसुद्धा.

आता कुलूप. त्याचं कारण ऐकून तू डोक्याला हात लावशील. माकडं! दालनात भट्टीची धग येते, म्हणून कुलूप नसलं की बायका वाऱ्यासाठी दार सताड उघडं टाकतात. मग कलमांवरची माकडं थेट आत. गेल्या वर्षी एका हुप्प्याने टेबलावर बसून अख्खे गर निवडून खाल्ले म्हणे. तुकड्याला हात लावला नाही. रियाने त्याच्याकडून प्रतवारी शिकावी.

मी भाऊंकडे गेलो. तो प्रसंग जसाच्या तसा लिहितो, म्हणजे तुझ्या भावाचं वजन तुला कळेल.

"भाऊ, मागचा कुलूप काढूक व्हया."

"काढ. आणि माकडां भुतूर इली काय गर कोण भरून देतलो? तुझो बापूस?"

"पण भाऊ, आग लागली तर?"

"आग खंय रोज लागता? माकडां रोज येतत."

माकडांचा हा हिशेब गो कुठल्याही पुस्तकात नाही. आग रोज लागत नाही, हेच आमच्या धंद्याचं दुखणं. मी तरी हटलो नाही. पुढच्या भिंतीचा ढीग हलवायचं ते "मे महिन्यानंतर बघू" म्हणाले, पण कुलूप मी काढायला लावलं. शेवटी दोघांत असं ठरलं की दार दिवसभर उघडं राहील आणि त्या दाराचा विशेष कार्यभार माझ्याकडे राहील. मी जातीने लक्ष घालतो आहे.

तेव्हा रिया राहू दे. तिचं इथे मन लागलंय.

तुझा,
दीपू
(सुरक्षा अधिकारी, विशेष कार्यभार मागचे दार)


फोंडाघाट,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय आई,

कशी आहेस? आजीचे गुडघे कसे आहेत? मी मजेत आहे. भाऊंनी मला आता निर्यातीच्या मालाच्या टेबलावर घेतलंय. पुढच्या वर्षी कोल्हापूरला अन्नप्रक्रियेचा कोर्स करावा असं मनात आहे, पण ते आल्यावर सांगेन. आत्ता बाबांना काही बोलू नको.

मामाने तुला "विशेष कार्यभार" असं काहीतरी लिहिलंय ना? मी वाचलं तेव्हा खोकला येईपर्यंत हसले. अगं, मामा माकडं हाकतो! खरंच! भाऊ त्याला म्हणाले, दार उघडं हवं तर तू स्वतः दारात बस. तर तो रोज सकाळपासून मागच्या दारात स्टूल टाकून बसतो, डोक्यावर पिवळं हेल्मेट, गळ्यात शिट्टी, हातात बेचकी. बेचकी नेम धरून मारत नाही, नुसती ताणतो आणि "हाऽऽ हुऽऽ" करतो. माकडांना ते कळलंय. एक तर समोरच्या फांदीवर त्याच्यासारखंच बसून डोकं खाजवतं. आनंदीकाकी म्हणते, "दोघांत हेल्मेटावरसून वळखूचा."

पण आई, एक सांगू? दार उघडं असतं ते इतकं बरं वाटतं. वारा येतो, बागेचा वास येतो. बायका म्हणतात, इतकी वर्षं इथे काम करतोय, पण आपल्यासाठी कोणी दारात बसलं नव्हतं. त्याला चहा आधी देतात. तो लाजतो आणि मग सिलिंडर कसा वापरावा यावर भाषण देतो. ते कोणी ऐकत नाही.

मी सांगितलं असं त्याला कळू देऊ नकोस. नाहीतर पुन्हा डाळ अळणी.

तुझी,
रिया


आरोंदा,
१६ फेब्रुवारी २०२५

दीपू,

मी आज चेष्टेच्या मनःस्थितीत नाही, तेव्हा तूही करू नकोस.

अजयभावोजी मासळीचा टेम्पो घेऊन घाटावर गेले होते. परत येताना रियाला भेटू म्हणून कारखान्यात डोकावले. घरी आल्यावर जेवायला बसलेल्या पंगतीत त्यांनी सगळ्यांना सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं. पाटावर उकिडवे बसले, डोक्यावर पातेलं घेतलं आणि "हाऽऽ हुऽऽ" केलं. पोरं हसून लोळली. यांनासुद्धा हसू आवरलं नाही. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "अधिकारी म्हणालस ना गो तू?" ते मला जास्त लागलं.

रियाने मला आधीच लिहिलं होतं. तेव्हा मीही हसले होते, खोटं कशाला बोलू. पण आपलं माणूस आपण हसणं वेगळं आणि चार लोकांनी पंगतीत हसणं वेगळं. तू शिकलेला, मुंबईत टाय लावून फिरलेला. बाबांनी तुला कधी शेतातसुद्धा वानर हाकायला बसवलं नाही, अभ्यास कर म्हणायचे. आणि आता तू दुसऱ्याच्या बागेत बेचकी घेऊन बसतोस? आणि मला लिहितोस विशेष कार्यभार?

धनेशभाऊ तुला खेळवतायत. माकडं हाकायला त्यांना माणूस मिळत नाही? चार दिवसांच्या मजुरीवर कोणीही मिळेल. तू अधिकारी आहेस तर अधिकाऱ्यासारखा खुर्चीवर बस. नसशील तर तसं सांग, म्हणजे मी इथे लोकांना काय सांगायचं ते ठरवते.

आधी त्या स्टुलावरून ऊठ.

बाय


फोंडाघाट,
२४ फेब्रुवारी २०२५

प्रिय बाय,

उठलो.

तुझं पत्र चार दिवसांपूर्वी दुपारी मिळालं. मी तेव्हा कर्तव्यावर होतो, म्हणजे एका माकडिणीशी डोळ्याला डोळा भिडवून बसलो होतो. ती जिंकली. पत्र वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि सरळ भाऊंच्या खोलीत गेलो. "भाऊ, आजपासून हां काम माझ्यान होवचा नाय," असं सांगितलं. भाऊ म्हणाले, "बरां." एवढंच. माणूस समोरच्याला थोपवायला तरी काही बोलतो. असो.

तुझं बरोबर आहे. मला स्वतःलाच ते हळूहळू आवडायला लागलं होतं, आणि ही फार वाईट खूण. आता मला आफिसात टेबल आणि खुर्ची मिळाली आहे. खुर्ची फिरते. मी सकाळी एकदा इकडे फिरतो आणि दुपारी एकदा तिकडे. भिंतीवर माझं प्रमाणपत्र लावलंय. अजयभावोजी पुन्हा आले तर त्यांना सांग, चहा खुर्चीवर बसून पाजीन.

रिया बरी आहे. चार दिवस माझ्याशी कमी बोलते, पण ते डाळीमुळे असेल.

तुझा,
दीपू


फोंडाघाट,
५ मार्च २०२५

प्रिय बाय,

परवा फोनवर तू फक्त रडत होतीस, आणि मागून सासूबाई स्पीकरवर विचारत होत्या, "गर वाचले काय?" त्यात मला काही धड सांगता आलं नाही. म्हणून आता बसून लिहितो.

दुपारची सुट्टी होऊन बायका पुन्हा कामाला बसल्या होत्या. बॉयलरवाल्या बाबलीने राख ओढली आणि त्यातला एक निखारा टरफलांच्या ढिगात गेला. मी फिरत्या खुर्चीवर होतो. आधी वास आला. वाटलं, कोणाचं तरी जेवण करपलं. बाहेर येऊन पाहतो तर पुढच्या भिंतीला लागून जाळ, आणि धूर असा काळा आणि दाट की हाताने बाजूला करावा.

मी सिलिंडर उचलला. आयुष्यभर लोकांना दाखवत आलो ना, "पिन काढा, नळी धरा, दाबा." मी नळी धरली आणि दाबत राहिलो. काही येईना. बाबली ओरडला, "पिन काढ रे!" काढली. पांढरी पूड उडाली, ढिगाच्या एका कोपऱ्यावर पसरली, आणि दुसरा कोपरा भडकला. पुढचं दार तोवर दिसेनासं झालं होतं. मी जोरात शिट्टी मारली.

आणि बाय, बायकांनी सगळं बरोबर केलं. मी शिकवलं होतं तसं, अगदी तसं. एकही पुढे आली नाही. सगळ्या उठल्या आणि मागच्या दाराकडे गेल्या.

मागच्या दाराला कुलूप होतं. भाऊंनी लावलेलं. ते तळेऱ्याला बारशाला गेले होते, किल्ली खिशात.

मी बाहेरून वळसा घालून बागेत धावलो, तो रिकामा सिलिंडर हातात तसाच. का सोडला नाही कोण जाणे. आतून दारावर हात आपटत होते. किती हात, ते ऐकू येतं. त्यात रियाचा आवाज होता. ती ओरडत नव्हती. ती दुसऱ्यांना सांगत होती, "खाली बसा, खाली बसा, तोंडावर पदर घ्या." मी तो सिलिंडर उलटा धरला आणि कोयंड्यावर घालत सुटलो. विकताना त्याचे इतके उपयोग सांगायचो, हा कधी सांगितला नव्हता. कुलूप तुटलं नाही, भाऊंनी चांगल्या जातीचं घेतलं होतं. कोयंडाच लाकडातून उपटला. दार बाहेर उघडतं, हे मी विसरलो होतो. ते माझ्यावर आलं आणि सगळ्या बायका माझ्यावरून बाहेर गेल्या. आनंदीकाकीच्या टाचेची खूण अजून बरगडीवर आहे. रिया शेवटी आली. तिने मला ओढून काढलं.

आनंदीकाकीच्या छातीत धूर गेला. दोन दिवस कणकवलीला दवाखान्यात होती, आता घरी आहे. बाकी सगळ्या ठीक. बंब आला तोवर गावाने माती टाकून टाकून जाळ बसवत आणला होता. पुढची भिंत आणि छप्पर गेलं. भाऊ संध्याकाळी आले, ते भिंतीकडे न जाता मागच्या दाराकडे गेले. उपटलेला कोयंडा हातात घेऊन तिथेच खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. ढीग आता पार कुंपणापलीकडे नेलाय. मे महिन्याची वाट कोणी पाहिली नाही.

सासूबाईंना सांग, गर थोडे वाचले. काळे पडले, पण वाचले.

तुला वाटत असेल तर रियाला घेऊन जा. मी तोंड वर करून नको म्हणू शकत नाही.

तुझा,
दीपू


फोंडाघाट,
६ मार्च २०२५

प्रिय आई,

मामाने तुला पत्र लिहिलंय. त्यात त्याने पिन विसरल्याचं लिहिलं असेलच. स्वतःचं हसं होईल ते तो कधी लपवत नाही. दुसरं लपवतो.

माझा खोकला कमी झालाय. पुढचे केस थोडे जळले, ते मी कापून टाकले. मला बरे दिसतात.

आई, मला एक कळत नाही. दार चांगलं उघडं होतं ना, मामा रोज बसायचा. आणि तुझं पत्र आलं त्या दिवशी तो ते वाचता वाचताच उठला, भाऊंकडे गेला आणि म्हणाला की मी आजपासून बसणार नाही. मग भाऊ म्हणाले, तू नाहीस तर कुलूप लागणार, दुसरं मी काय करू? मी खोलीच्या दारापाशीच होते, मी ऐकलं. मामाने ते ऐकलं आणि स्टूल उचलून आत नेलं. त्यानंतर मी त्याच्याशी नीट बोलतच नव्हते. मला राग आला होता. आग लागली तेव्हा दारावर हात मारताना पहिला तोच राग मनात आला, आणि मग बाहेरून त्याचा आवाज आला. तो रडत होता आणि मोठमोठ्याने कुलपाला शिव्या देत होता.

मी त्याला विचारलं, आईने असं काय लिहिलं होतं? तर म्हणाला, काही नाही, खुशालीचं होतं. मग म्हणाला, हे तिला विचारू नकोस.

पण मी विचारते. काय लिहिलं होतंस गो?

मी परत येणार नाही. रागावू नकोस. छप्पर घालून झालं की आम्ही सगळ्या पुन्हा कामाला बसणार आहोत. भाऊंना तसं सगळ्यांनी मिळून सांगितलंय, आणि दारावर कोयंडासुद्धा नको असंही सांगितलंय.

तुझी,
रिया


आरोंदा,
१२ मार्च २०२५

माझ्या दीपू,

आधी तुला शिवी देते, ती घे. एवढं सगळं लिहिलंस आणि तेवढंच गाळलंस. कुलूप भाऊंनी लावलं, असं लिहून मोकळा झालास. रियाने विचारलं नसतं तर मी जन्मभर धनेशभाऊंच्या नावाने बोटं मोडत बसले असते.

तिला मी उत्तर लिहिलंय. काय लिहिलं होतं ते सगळं सांगितलंय, पंगतीचं, पातेल्याचं, स्टुलाचं. आता ती मला हसेल की रडेल ते तिचं ती बघेल. तिला घेऊन जाणार नाही. तिला राहायचंय तर राहू दे. कोल्हापूरच्या कोर्सचंही माझ्या लक्षात आहे, असं तिला सांग. ह्यांना मी सांगते.

काल बाजारात अजयभावोजी भेटले. चार माणसं होती. ते हळूच म्हणाले, "वयनी, माका काय ठावक? मी आपली मजा केलंय." मी म्हटलं, "तुमची चूक नाय. तुम्ही हसलास. उठ म्हणान मी सांगलंय." मग ते मासळीची पिशवी माझ्या हातातून घेऊन घरापर्यंत आले.

दीपू, मला लाज कशाची वाटली होती हे आता आठवायला बसते तर आठवतच नाही. लोक काय म्हणतील, एवढंच होतं. ते लोक कोण, तेसुद्धा नीट सांगता येत नाही. मी रात्रंदिवस त्या दाराची काळजी करत होते आणि तू माझ्या पोरीच्या दारात बसला होतास. तुला तिथून मी उठवलं.

छप्पर घालून झालं आणि तू पुन्हा त्या दारात बसायला लागला आहेस, हे आनंदीकाकीच्या मुलीने फोनवर सांगितलं. ते तू मला लिहिलं नाहीस. भीती वाटली असेल.

बस. कोणी ऊठ म्हणालं तर उठू नकोस. मी म्हणाले तरी.

तुझी,
बाय